चवदार पाण्याचे रसायन

महाडच्या चवदार तळ्यावर मराठीत विपुल लेखन झालेले आहे. सत्याग्रहाचा वृत्तांत, त्यातील व्यक्ती, भाषणे, खटला, कविता, स्मरणिका असे त्याचे अनेक प्रकार आहेत. या सर्व लेखनात पाणी बहुधा प्रतीक म्हणून येते. पदार्थ म्हणून ते क्वचितच येते. हे स्वाभाविकही आहे, कारण १९२७ चा झगडा पाण्याच्या गुणधर्मांविषयी नव्हताच. तरीसुद्धा त्या घटनाक्रमात एक क्षण असा आहे, की ज्या वेळी तळ्याच्या पाण्यात खरोखरीचे पदार्थ, घागरी मोजून, मंत्रघोषात ओतले गेले आणि त्या ओतण्याला 'शुद्धीकरण' म्हटले गेले. शुद्धीकरण हा शब्द धर्मशास्त्राचा आहे तसाच तो रसायनशास्त्राचाही आहे. या दोन शास्त्रांतील शुद्धीच्या कल्पनांची समोरासमोर गाठ पडावी असे स्थळ महाराष्ट्रात शोधायचे झाले, तर ते महाडच असेल. प्रस्तुत लेखात चवदार तळ्याकडे पाहायचे आहे ते या गाठीपुरते.

सुरुवात नावापासूनच करू. पाण्याला 'चवदार' म्हणणे हे रसायनाच्या दृष्टीने मोठे गमतीचे विशेषण आहे. संपूर्ण शुद्ध पाण्याला चव नसते. ऊर्ध्वपातित पाणी ज्याने जिभेवर घेतले आहे त्याला त्याचा बेचवपणा ठाऊक असतो. पाण्याला गोडी येते ती त्यात विरघळलेल्या वायूंमुळे आणि क्षारांमुळे. म्हणजे चवदार पाणी हे व्याख्येनेच अशुद्ध पाणी. महाड-पोलादपूरच्या पाण्यात हे क्षार कोठून येतात, हे पाहण्यासाठी थोडे डोंगराकडे वळावे लागते. सावित्री महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते, पोलादपुराकडे उतरते आणि महाडावरून खाडीला मिळते. या सर्व मुलखात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पडताना तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो आणि त्यामुळे किंचित आम्लधर्मी होतो. स्वच्छ हवेतील पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो. हे सौम्य आम्ल काळ्या कातळावर लाखो वर्षे पडत आले आहे. आम्लातील हायड्रोजन आयन खडकात शिरतात, त्यांच्या बदल्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम बाहेर पडतात, आणि खाली झऱ्याला लागते ते पाणी आपली आम्लता गमावून, बायकार्बोनेटे घेऊन आलेले असते. चव ती हीच.

मागे डोंगरावर जे उरते ते लोह. कातळातील लोह हवेतील ऑक्सिजनला भेटले की त्याचा प्रत्येक अणू आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि रंग काळ्याहून तांबडा होतो. महाबळेश्वराच्या माथ्यावरचा जांभा दगड हा अशा रीतीने झिजलेल्या, गंजलेल्या डोंगराचा अवशेष आहे. घरातील विळी गंजणे आणि पठाराचा जांभा होणे यांत काळाचे प्रमाण सोडले तर तत्त्वतः भेद नाही. दोन्ही ऑक्सिडीकरणे आहेत. याच्या उलट क्रियेचे, म्हणजे तांबड्या दगडातून कोळशाच्या भट्टीत पुन्हा लोखंड काढण्याचे नाव क्षपण. पोलाद हा फार्सीतून आलेला शब्द गावाच्या नावातच असलेल्या पोलादपुराजवळ हे आठवणे अपरिहार्य आहे, मग त्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो. (साहित्याच्या अभ्यासकाला पोलादपूर माहीत असते ते 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांच्या समाधीमुळे.)

आता १९२७ कडे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या असाव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांची खटपट होती, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांचे साहाय्य होते, आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. ज्या गावात खुले असल्याचा ठराव झालेले तळे आहे, त्याच गावातील ही गोष्ट. २० तारखेला प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले. आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून इतरांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत अशी अफवा उठवली गेली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. लगेच तळ्याचे शुद्धीकरण झाले. पाण्याच्या एकशे आठ घागरी काढून त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळण्यात आले आणि मंत्रोच्चारांसह ते पुन्हा तळ्यात सोडण्यात आले.

या घागरींत काय होते, हा प्रश्न इतिहासकाराने सहसा विचारलेला नाही. तो विचारणे मला महत्त्वाचे वाटते. दह्यात लॅक्टिक आम्ल असते. गोमूत्रात युरिया असतो, आणि जंतूंच्या क्रियेने त्यापासून अमोनिया तयार होतो. अमोनिया हा आम्लारी. म्हणजे घागरीत एक आम्ल आणि एक आम्लारी यांची भेट होते आणि ती दोघे परस्परांना काही अंशी उदासीन करतात. शेणात सेल्युलोज, दुधात मेद व प्रथिने, हे सारे सेंद्रिय द्रव्य. ही घागर रसायनशाळेत नेली असती तर तिच्यात क्रांतिकारक असे काहीही सापडले नसते.

आणि प्रमाण किती? उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तळ्याचे क्षेत्र चार ते पाच एकरांच्या दरम्यान दिले आहे. चार एकरच धरू, आणि सरासरी खोली दोन मीटर मानू. पाणी भरते सुमारे ३ कोटी २० लाख लिटर. घागर दहा लिटरची धरली तर एकशे आठ घागरींचे मिश्रण सुमारे १,०८० लिटर, म्हणजे तीस हजारांत एक भाग. तळ्यातील एका लिटर पाण्याच्या वाट्याला या मिश्रणाचा एक थेंबही पुरता येत नाही, आणि त्या मिश्रणातही बहुतांश तळ्याचेच पाणी. गोमूत्रातील अमोनिया जंतुनाशक असतो म्हणून या विधीला वैज्ञानिक आधार आहे, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी हा साधा गुणाकार करून पाहावा. शेणातील जंतूंची गोष्ट निराळी. ते थोडे असले तरी थोडेच राहतात असे नाही. मात्र तो बदल शुद्धीच्या दिशेने होत नाही. थोडक्यात, तळ्याचा सामू ओंजळींनी बदलला नाही, आणि घागरींनीही बदलला नाही.

यावर असा आक्षेप येईल की धार्मिक शुद्धी ही रासायनिक शुद्धी नव्हेच, तेव्हा तिला सामूच्या पट्टीने मोजणे हा प्रमाद आहे. आक्षेप अर्धा खरा आहे. पूर्ण खरा असता तर मंत्र पुरेसे झाले असते, पदार्थांची गरज पडली नसती. पण ज्याने पाण्यात पदार्थ ओतला त्याने पाण्याच्या क्षेत्रात पाऊल टाकले, आणि तेथे त्याला पाण्याचे कायदे लागू होतात. शिवाय १९२७ साल हे काही रसायनपूर्व काळातील साल नव्हे. विहिरीचे पाणी शुद्ध करण्याचा एक रासायनिक विधी तोवर या देशात चांगला रूढ झालेला होता. पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक पटकीच्या साथीत विहिरींत टाकण्याची पद्धत अर्नेस्ट हॅन्किन या जंतुशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात पुरस्कारली होती. त्यामागील तत्त्व असे: परमँगनेटातील मँगनीज इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो, आम्लधर्मी द्रावणात त्याचा एकेक अणू पाच इलेक्ट्रॉन ओढून घेतो. ज्या सेंद्रिय द्रव्याकडून तो ते घेतो त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि मँगनीजचे क्षपण होते. देणारा असल्याशिवाय घेणारा नाही; या दोन क्रिया एकमेकींवाचून कधी घडतच नाहीत, म्हणून त्यांचे जोडनाव रेडॉक्स. इलेक्ट्रॉन घेताघेता जांभळा रंग नाहीसा होतो. पाणी जितके घाण तितका रंग लवकर उडतो. विहिरीत रंग टिकेपर्यंत औषध टाकायचे असा त्याचा साधा नियम होता; औषध आणि परीक्षा एकाच मुठीत.

आता कल्पना करावी की त्या दिवशी तळ्याच्या काठी दोन घागरी ठेवल्या आहेत: एक अस्पृश्य मानलेल्या माणसाने भरलेली, दुसरी पंचगव्याची. दोहोंत परमँगनेटचे सारखेच खडे टाकले. पहिल्या घागरीचा रंग तळ्याच्या इतर कोणत्याही पाण्याइतकाच टिकला असता. दुसरीचा पाहतापाहता उडाला असता. परमँगनेटला घागर कोणी भरली हे विचारता येत नाही.

विटाळ आणि पदार्थ यांच्या या नात्याचा विचार करताना रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक जुने प्रकरण आठवते. अठराव्या शतकात युरोपातील रसायनज्ञ असे मानीत की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत 'फ्लॉजिस्टन' नावाचे एक तत्त्व असते आणि जळताना ते निघून जाते. अडचण अशी होती की धातू तापवल्यावर त्याचे वजन घटण्याऐवजी वाढे. तेव्हा काहींनी फ्लॉजिस्टनला उणे वजन असते असेही सुचवून पाहिले. लाव्हाझिएने तराजू पुढे आणला आणि दाखवून दिले की काही निघून जात नाही, हवेतील एक वायू येऊन मिळतो. त्या वायूला त्याने ऑक्सिजन, म्हणजे आंबटाचा जनक, असे नाव दिले. सर्व आम्लांत तो असतोच अशी त्याची समजूत होती. ती चुकीची असल्याचे हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास क्लोरीनवरून सिद्ध केले, पण नाव राहिले. स्पर्शाने लागणारा, दिसत नाही, मोजता येत नाही, तरी काढून टाकावा लागतो असा विटाळ हे आमच्याकडचे फ्लॉजिस्टन होते असे म्हणावेसे वाटते. फरक इतकाच की फ्लॉजिस्टनपायी कोणाला तहानलेले राहावे लागले नाही.

लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील प्रमुख ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. त्याच सालच्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत दिला. महाडच्या सभेची तुलना त्यांनी त्या सभेशी केली. तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे पाण्याच्या गुणधर्माला त्यांनी आपल्या युक्तिवादात जाणूनबुजून जागा दिली नाही. त्याच परिषदेत गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. दहन हेही जलद गतीचे ऑक्सिडीकरणच. पण इतके सांगून त्या रात्रीविषयी काहीही सांगितले जात नाही. रसायनाची भाषा कोठे थांबते याचे भान ठेवलेले बरे.

येथे परिभाषेविषयी थोडे विषयांतर करतो. शाळेच्या पुस्तकांत आम्लाशी संयोग पावणाऱ्या पदार्थाला आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरी, असे म्हणतात आणि त्यांच्या संयोगातून क्षार निघतो. पोलादपूरचा घाट चढून पलीकडे वाईला उतरले की मराठी विश्वकोशाची भूमी लागते, आणि तेथे मात्र अम्ल व क्षारक यांपासून लवण तयार होते. आयुर्वेदात तर क्षार म्हणजे राखेतून काढलेला दाहक पदार्थ, अर्थात आम्लारीच. एकच शब्द तीन घरांत तीन नात्यांनी नांदतो. क्षपणाची कथा आणखी गंमतीची. क्षपण म्हणजे क्षीण करणे, झिजवणे. 'मुद्राराक्षसा'तला जैन भिक्षूच्या वेषातील जीवसिद्धी हा क्षपणक. ऑक्सिजन हिरावून घेतला जातो म्हणून क्षपण, ही समजूत जुनी झाली; आज आपण जाणतो की क्षपण होणाऱ्याला इलेक्ट्रॉन मिळतात. ज्याला मिळते त्यालाच क्षीण म्हणायचे, असा हा शब्द उलटा पडला आहे. असो. आम्लाची आज रूढ असलेली व्याख्या ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी १९२३ साली, म्हणजे बोले ठरावाच्याच वर्षी, स्वतंत्रपणे मांडली. हा योगायोग, याहून अधिक काही नाही. तिचा आशय मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांच्या मते आम्लपण ही पदार्थाच्या अंगची जन्मसिद्ध जात नसून समोरच्याशी होणाऱ्या व्यवहारातील भूमिका आहे. प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. पाणी स्वतः अमोनियापुढे आम्ल होते आणि हायड्रोक्लोरिक आम्लापुढे आम्लारी. याचे रूपक ताणण्याचा मोह साहित्याच्या माणसाला होणारच. तो वाचकांवर सोडतो.

मधल्या काळात नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला जुना ठराव मागे घेतला होता. डिसेंबरात सवर्णांच्या वतीने महाडच्या न्यायालयात दावा दाखल झाला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आणि त्यामुळे दुसऱ्या परिषदेत तळ्यावर न जाण्याचा निर्णय झाला. दाव्याचा निकाल जून १९३१ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने लागला, ठाण्याचे अपील जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी तो कायम केला. दहा वर्षांच्या या प्रवासात पाणी बाटते काय हा प्रश्न न्यायालयाने ठरवला नाही. त्याने ठरवले ते एवढेच की अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. न्यायालयाचा तराजू पुराव्याचा होता आणि विटाळ त्या पारड्यात ठेवता येईना, कारण ठेवण्यासारखे काही नव्हतेच.

हा इतिहास येथे संपवता आला असता. परंतु गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात औद्योगिक वसाहत वाढली, आणि तिच्यात रसायनांचे व औषधांचे कारखाने मुख्य आहेत. येथे पाण्याला जे लागते ते मोजता येते, आणि ते मोजण्याची रीत पुन्हा आम्ल, आम्लारी आणि रेडॉक्स हीच. सांडपाण्याचा नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात डायक्रोमेटबरोबर तापवतात. घाणीचे ऑक्सिडीकरण होते, क्रोमियमचे क्षपण होते, नारिंगी रंग हिरव्याकडे झुकतो. किती डायक्रोमेट खर्ची पडले त्यावरून त्या पाण्याची ऑक्सिजनची रासायनिक मागणी निघते. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी देशातील सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. परमँगनेटच्या घागरीचेच हे काटेकोर रूप. मागणी हा शब्द मला या ठिकाणी फार अचूक वाटतो. घाण पाणी ऑक्सिजन मागते, आणि तो पुरवते नदी, म्हणजे तिच्यातील मासे ज्यावर जगतात तोच ऑक्सिजन.

वसाहतीचे सांडपाणी सामायिक केंद्रात प्रक्रिया करून सावित्रीच्या खाडीत सोडले जाते. मासे मरत असल्याच्या, पाण्याला वास येत असल्याच्या तक्रारी खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तळ्याकाठी ज्याचा स्पर्श बाधतो असे म्हटले जाई त्याच्याकडून पाण्याला काही लागत नव्हते. येथे पाण्याला लागते ते न शिवता, नळातून, आणि त्याची झळ पोहोचते ती प्रवाहाच्या खालच्या टोकाला राहणाऱ्यांना. कारखान्यांत मजुरी करणारेही बरेचसे याच तालुक्यांतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार मृत्युमुखी पडले. आग म्हणजे ऑक्सिडीकरण हे वर म्हटलेच आहे, आणि तेवढे म्हणून भागत नाही हेही.

पाण्यात माशांसाठी किती ऑक्सिजन उरला आहे हे पाहण्याची पद्धत लायोश विंकलरने १८८८ साली सांगितली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या प्रयोगशाळांत अजून चालतात. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीजचा क्षार आणि अल्क घातले की तपकिरी साका बसतो. पाण्यात ऑक्सिजनच नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल घालायचे, मोकळे झालेले आयोडीन थायोसल्फेटने मोजायचे, स्टार्चचा निळा रंग उडाला की थांबायचे. जैविक मागणीसाठी तशीच दुसरी बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवतात आणि दोन आकड्यांतील फरक घेतात. डिसेंबर १९२७ मध्ये आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने हरिहरेश्वरावरून याच खाडीने दासगावला उतरले होते आणि तेथून महाडपर्यंत चालत गेले होते. दासगावच्या पाण्याची बाटली आज भरली तर तिचा आकडा तीन दिवसांनी हाती येईल. तोवर ते पाणी ओहोटीबरोबर बाणकोटाकडे गेलेले असेल.